टेकड्यांवरील चकत्यांचा खेळ : सांताक्रूझचे डेलाव्हिएगा उद्यान

परदेशी स्थायिक झालेल्या मुलांकडे जाणाऱ्या आपल्या समाजातील वडीलधाऱ्यांचा प्रवास बहुधा ठरलेल्या वाटेने होतो. पहिला आठवडा झोपेची घडी बसविण्यात जातो, दुसऱ्या आठवड्यात मंदिराचे दर्शन व परिचितांच्या भेटी होतात, पुढे एखादा धबधबा, एखादे मोठे शहर, समुद्रावरील एखादा प्रसिद्ध पूल पाहून होतो. त्यानंतर मात्र उरलेले चार महिने कसे घालवावेत, हा प्रश्न अनेकांना पडतो. मुलगा व सून कामावर, नातवंडे शाळेत, घराबाहेर पाऊल टाकावे तर मोटार चालविता येत नाही. ज्याने उभी हयात दुकानाच्या गादीवर, माणसांच्या वर्दळीत घालविली, त्याला त्या स्वच्छ, शांत घरात कोंडल्यासारखे वाटू लागते. नातवंडांशी बोलावे, तर त्यांचे मराठी तोकडे आणि आपले इंग्रजी त्याहून तोकडे. अशा वाचकांसाठी, तसेच त्यांच्या मुलासुनांसाठी, कॅलिफोर्निया राज्यातील एका वेगळ्याच स्थळाचा परिचय येथे करून देत आहे. हे ना तीर्थ, ना प्रेक्षणीय इमारत. हे एक खेळाचे मैदान आहे. मैदान म्हणताना सपाट जागा डोळ्यांसमोर आणू नये; येथे एका टेकडीचे चढउतार, दऱ्या आणि अर्धीमुर्धी झाडी हेच मैदान आहे.

सॅन होजे व मिलपिटास या भागांत आपल्या समाजाची अनेक कुटुंबे राहतात. मिलपिटास येथील जैन भवन सर्वांना परिचित आहे. तेथून दक्षिणेस निघून सतरा क्रमांकाच्या महामार्गाने सांताक्रूझ पर्वत ओलांडला की पॅसिफिक महासागराच्या काठचे सांताक्रूझ शहर लागते. हा रस्ता वळणावळणांचा आहे. ज्यांना खंबाटकी वा कुंभार्ली घाटाची सवय आहे त्यांना त्याचे भय वाटणार नाही, मात्र वाहनांचा वेग पाहून छाती थोडी धडधडते. पर्वताच्या अलीकडे कडक ऊन आणि पलीकडे उतरताच अंगावर येणारे थंडगार धुके, हा पालट उन्हाळ्यात हमखास अनुभवास येतो. या शहराच्या ईशान्य बाजूस, वस्तीच्या अगदी माथ्यावर, डेलाव्हिएगा उद्यान पसरलेले आहे.

मृत्युपत्राने मिळालेली भूमी

या उद्यानाचे नाव ज्यांच्यावरून पडले ते होसे व्हिसेंते दे लाव्हिएगा हे एकोणिसाव्या शतकातील सॅन फ्रान्सिस्कोचे एक धनिक गृहस्थ. त्यांनी आपल्या मृत्युपत्राद्वारे सांताक्रूझजवळील ही विस्तीर्ण जमीन लोकांच्या उपयोगासाठी ठेवली. दान करताना त्यांच्या मनात काय असेल? झाडांची सावली, फिरावयास वाटा, मुलाबाळांना मोकळी हवा. आज त्याच भूमीवर नगरपालिकेचे नेहमीचे गोल्फ मैदान आहे, चालण्याच्या वाटा आहेत आणि आमच्या भेटीचा विषय असलेले डिस्क गोल्फचे मैदानही आहे. हा खेळ दात्याच्या हयातीत अस्तित्वातच नव्हता. दान दिलेल्या वस्तूचा उपयोग पुढील पिढ्या कसा करतील हे दात्याला कधीच ठाऊक नसते. त्याने फक्त ती वस्तू विकली जाणार नाही एवढे पाहावयाचे असते. आपल्याकडे धर्मशाळा व पांजरपोळ बांधणाऱ्या पूर्वजांचीही हीच दृष्टी होती.

खेळ व त्याचा जनक

डिस्क गोल्फ हा खेळ आपल्याकडे अपरिचित असल्याने थोडी ओळख आवश्यक आहे. प्लॅस्टिकची एक चकती असते. व्यास सुमारे एकवीस सेंटिमीटर, वजन साधारणतः दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅम. ठरविलेल्या जागेवरून ती फेकावयाची. ती जेथे पडेल तेथून पुन्हा फेकावयाची, आणि अखेरीस लोखंडी खांबावर बसविलेल्या टोपलीत ती टाकावयाची. टोपलीच्या वर साखळ्यांचा झुबका लोंबत असतो. चकती साखळ्यांवर आदळते, तिचा वेग विरतो आणि ती खालच्या टोपलीत अलगद पडते. त्या वेळी होणारा साखळ्यांचा खणखणाट हाच या खेळातील जयघोष. ज्याने कमीत कमी फेकींत सर्व टोपल्या पूर्ण केल्या तो विजयी.

या खेळाला आजचे रूप देणारे गृहस्थ म्हणजे एड हेड्रिक. फ्रिस्बी नावाची उडती चकती बनविणाऱ्या व्हॅम-ओ या कंपनीत ते काम करीत. चकतीच्या पाठीवर बारीक कड्या उठविल्या तर तिचे उड्डाण स्थिर होते हे त्यांनी ओळखले आणि १९६७ मध्ये त्या सुधारणेचे पेटंट त्यांना मिळाले. १९७५ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह येथे त्यांनी पहिले कायमस्वरूपी मैदान आखले. तेथे प्रारंभी नुसते खांबच होते. चकती खांबाला लागली की नाही, यावरून वाद होत. त्या वादांवर तोडगा म्हणून साखळ्या व टोपली यांची योजना झाली आणि १९७७ मध्ये तिचेही पेटंट मिळाले. व्यापारी मनाला कौतुक वाटावे अशी ही गोष्ट आहे. ग्राहकांतील तंट्याचे मूळ शोधून त्याच ठिकाणी नवी वस्तू निर्माण केली गेली. १९७६ मध्ये त्यांनी खेळाडूंची संघटनाही स्थापन केली. पुढे १९८३ मध्ये चकतीच्या कडेला उतरती धार देण्याची कल्पना डेव्ह डनिपेस यांनी प्रत्यक्षात आणली. त्यामुळे चकत्या पूर्वीपेक्षा कितीतरी दूर जाऊ लागल्या.

हेड्रिक यांचे अखेरचे वास्तव्य सांताक्रूझ परगण्यातच होते. २००२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांची रक्षा प्लॅस्टिकमध्ये मिसळून काही चकत्या तयार करण्यात आल्या. आपल्या संस्कारांना हे ऐकून विचित्र वाटेल. परंतु आयुष्यभर ज्या वस्तूचा ध्यास घेतला तिच्यातच शेवटी मिसळून जावे, ही भावना समजण्यासारखी आहे. त्यांनी स्थापन केलेला टोपल्यांचा कारखाना आजही जवळच्या वॉट्सनव्हिल गावी आहे.

या खेळातील एक गोष्ट आम्हास विशेष भावली. येथे पंच नसतो. प्रत्येकाने आपल्या फेकी आपण मोजावयाच्या, चकती हद्दीबाहेर गेली तर आपणच दंडाची एक फेक लावून घ्यावयाची, हरवली तर तीन मिनिटे शोधून न सापडल्यास तीही एक फेक आपल्या नावे टाकावयाची. टोपलीपासून सर्वांत दूर असलेल्याने प्रथम फेकावयाचे. ज्या घरात मुलांना सचोटीचे शिक्षण शब्दांनी देण्याचा कंटाळा आला असेल, त्या घराने हा खेळ अवश्य आजमावून पाहावा.

टेकडी, ओक आणि धुके

डेलाव्हिएगाचे डिस्क गोल्फ मैदान १९८४ पासून आहे. सत्तावीस क्रमांकित टोपल्या आणि त्यांच्या जोडीला दोन जादा, एवढा त्याचा विस्तार. अनेक मैदाने अठरा टोपल्यांची असतात, त्या मानाने हा पसारा मोठा म्हणावा लागेल. आम्ही येथे दोनदा गेलो. एकदा जूनमध्ये, धुक्याच्या सकाळी, आणि दुसऱ्यांदा ऑगस्टमध्ये, स्वच्छ उन्हात. आम्ही म्हणजे चिरंजीव, सूनबाई, अकरा वर्षांचा नातू, आठ वर्षांची नात, सौभाग्यवती व मी. सौभाग्यवतींनी चकती हाती न घेता वही-पेन्सिल घेतली व हिशेब ठेवण्याचे काम स्वतःकडे घेतले. तो हिशेब इतका चोख होता की चिरंजीवांना एका फेकीचीही सवलत मिळाली नाही.

पहिल्या भेटीत पायथ्याशी पोहोचलो तेव्हा दहा-वीस पावलांपलीकडचे दिसत नव्हते. निलगिरीचा उग्र वास मात्र दूरवरून येत होता. उटीला गेलेल्यांना हा वास ओळखीचा आहे. तेथल्याप्रमाणे येथेही ही झाडे मूळची ऑस्ट्रेलियाची, एकोणिसाव्या शतकात आणून लावलेली. जसजसे धुके विरत गेले तसतशी टेकडी उलगडत गेली. वरच्या अंगाला वाळलेल्या सोनेरी गवताचे उतार, मधल्या पट्ट्यात सदाहरित ओकची वाकडीतिकडी झाडे, आणि खाली दरीच्या ओलाव्यात सरळसोट रेडवूड. कॅलिफोर्नियाचा पाऊस हिवाळ्यात पडतो. आपला पावसाळा सुरू असतो तेव्हा तेथे गवत पिवळे पडलेले असते. त्यामुळे जूनमध्ये वैशाखाचे रंग आणि मार्गशीर्षाचा गारवा एकाच वेळी अनुभवण्याचा योग येतो.

खेळाला आरंभ झाला आणि हे मैदान सामान्य नव्हे हे लगेच कळले. सपाट जागी चकती फेकणे हे हाताचे काम आहे; टेकडीवर ते बुद्धीचे होते. उजव्या हाताने छातीपासून बाहेर फेकलेली चकती वेग कमी होताच डावीकडे वळते, हा तिचा स्वभाव. उतारावर फेकली तर जमीन तिच्यापासून दूर दूर जात असते, ती हवेत अधिक काळ राहते, म्हणून अखेरचे डावे वळणही अधिक लांबते. चढावर फेकताना तिचे तोंड नकळत वर होते, ती हवेत अडते आणि अर्ध्या वाटेत खाली बसते. ओकच्या फांद्या खाली झुकलेल्या असल्याने उंच फेक चालत नाही. दोन बुंध्यांच्या फटीतून, गुडघ्याच्या किंवा छातीच्या उंचीवरून चकती काढावी लागते. एक टोपली तर अशा धारेवर उभी आहे की नेम थोडा जरी लांबला तरी चकती कडेवर उभी राहून चाकासारखी दरीत गडगडत जाते. नातवाची चकती अशीच गेली, तेव्हा तो रडवेला झाला. मी त्यास म्हटले, "बाळा, माल उतारावर ठेवला की गडगडणारच. आता जवळ ठेव, मग आत टाक." त्याने टोपलीत थेट टाकण्याचा मोह सोडून चकती खालच्या बाजूस अलगद ठेवली आणि पुढच्या फेकीत साखळ्या वाजविल्या. पुढच्या टोपलीला तो स्वतःच मला म्हणाला, "आजोबा, इथे पण जवळ ठेवू?" तिथून पुढे आमचे संभाषण सुरू झाले ते तीन तास थांबले नाही. घरात मात्र, एवढ्या महिन्यांत, त्याच्याशी माझी सलग दहा वाक्ये झाली नव्हती.

वाटेत एका जुन्या झाडाच्या खोडावर असंख्य बारीक भोके व प्रत्येकात एक ओकचे फळ ठोकून बसविलेले दिसले. चिरंजीवांनी सांगितले, हे ओकफळे साठविणाऱ्या सुतार पक्ष्याचे कोठार. पक्ष्यांचे कुटुंबच्या कुटुंब अशा एका झाडात हजारो फळे साठवून ठेवते, फळ वाळून आकसले की ते काढून लहान भोकात बसविते आणि कोठाराची राखणही करते. आडत दुकानात चाळीस वर्षे पोती मोजलेल्या माणसाला त्या झाडासमोर उभे राहून आदर वाटला. नातीने मात्र विचारले, "एवढे कशाला लागते त्यांना?" अपरिग्रहावर इतका नेमका प्रश्न मी कोणत्या व्याख्यानात ऐकलेला आठवत नाही.

सत्ताविसावी टोपली

या मैदानाची कीर्ती ज्या एका जागेमुळे आहे ती म्हणजे सत्ताविसावी टोपली. खेळाडू तिला जगाचे शिखर या अर्थाच्या इंग्रजी नावाने ओळखतात. टेकडीच्या माथ्यावर फेकण्याची जागा, समोर पाचशे फुटांहून लांबचा उतार, आणि त्या उताराच्या पलीकडे शहराची छपरे व मॉन्टेरे उपसागराचे पाणी. जूनमध्ये आम्हाला तेथे केवळ शुभ्र धुके दिसले. चकती फेकली की ती त्यात नाहीशी होई, मग क्षणभराने खालून कोठून तरी पडल्याचा आवाज येई. ऑगस्टमध्ये मात्र सारे स्वच्छ होते. चिरंजीवांनी फेकलेली चकती निळ्या पाण्यासमोर काही क्षण जणू थांबली, मग संथपणे डावीकडे वळून उतरत गेली. तेथे रांगेत उभे असलेले अनोळखी खेळाडूही प्रत्येकाच्या फेकीला दाद देत होते. याच भागात वाढलेला नेट डॉस हा खेळाडू २००५, २००७ व २०११ अशा तीन वर्षी जगज्जेता झाला, हे तेथील एका वृद्ध खेळाडूने आम्हास अभिमानाने सांगितले.

प्रत्येक टोपलीस तीन फेकी हा सामान्य हिशेब धरला तर सत्तावीस टोपल्यांना एक्याऐंशी होतात. दुसऱ्या भेटीअखेर वहीत चिरंजीवांच्या नावे ब्याण्णव, नातवाच्या नावे एकशे अठरा व माझ्या नावे एकशे एकतीस फेकी होत्या. नातीच्या फेकी सौभाग्यवतींनी मोजल्याच नाहीत; हिशेबातील ती एकच सूट.

मैदानाचा ताळेबंद

एखादे मैदान चांगले की वाईट हे कशावरून ठरवावे? दृश्य सुंदर असले म्हणजे मैदान चांगले असे नव्हे. जाणकारांशी बोलून व स्वतः खेळून आम्ही काही कसोट्या लावल्या; त्या इतर कोणत्याही मैदानास लावता येतील.

पहिली कसोटी विविधतेची. जवळच्या व दूरच्या, डावीकडे वळणाऱ्या व उजवीकडे वळणाऱ्या, चढाच्या व उताराच्या टोपल्या समतोल असाव्यात. नाहीतर एकाच प्रकारच्या फेकीत तरबेज असलेला नेहमी जिंकतो. या कसोटीस डेलाव्हिएगा उत्तम उतरते. उघडा उतार आणि दाट झाडी यांची अदलाबदल होत राहते, त्यामुळे पुढच्या वळणावर काय असेल याची उत्सुकता टिकते.

दुसरी कसोटी न्यायाची. झाडी असावी, पण योग्य फेकीला वाट असावी. केवळ दैवाने चकती पार होत असेल तर ती परीक्षा नव्हे, सोडत होय. येथे बहुतेक ठिकाणी वाट आहे; मात्र ती अरुंद असून नवशिक्यास ती सहज दिसत नाही. उतारावरील टोपल्यांत दैवाचा वाटा काहीसा अधिक आहे, कारण गडगडत जाणारी चकती कोठे थांबेल हे कोणाच्याच हाती नसते. आमच्या मते ही उणीव क्षम्य आहे. डोंगराने आपला कर घ्यावयाचाच.

तिसरी कसोटी सुरक्षिततेची. वाटा एकमेकींजवळून जातात तेथे समोरून चकती येऊ शकते. समोरची मंडळी टप्प्याबाहेर जाईपर्यंत थांबणे, मुलांना फेकणाऱ्याच्या पाठीमागेच उभे करणे, हे नियम काटेकोर पाळावे लागतात. ओकची सुकलेली पाने लहान व वळलेली असतात. उतारावर ती पायाखालून बाजरीच्या दाण्यांसारखी निसटतात. गुडघेदुखी असलेल्यांनी संपूर्ण फेरीचा हट्ट धरू नये. सौभाग्यवती पहिल्या भेटीत बाराव्या टोपलीनंतर सावलीत बसल्या, तो निर्णय शहाणपणाचा होता.

चौथी कसोटी नवशिक्यांच्या आनंदाची. येथे हे मैदान थोडे कमी पडते. प्रथमच चकती हाती घेणाऱ्याने आधी घराजवळच्या सपाट उद्यानात नऊ टोपल्यांच्या मैदानावर दोन-चार दिवस सराव करावा आणि मग येथे यावे.

पाचवी कसोटी खर्चाची. तीन चकत्या पुरतात. दूर जाणारी एक, मध्यम अंतराची एक व टोपलीत टाकावयाची एक. साध्या प्लॅस्टिकची चकती आठ-दहा डॉलरला मिळते. अमेरिकेतील सार्वजनिक उद्यानांतील बहुसंख्य मैदानांवर खेळ विनामूल्य असतो, काही ठिकाणी वाहन उभे करण्याचे शुल्क पडते. नेहमीच्या गोल्फला लागणारी हिरवळ, पाणी, खते व यंत्रे येथे काहीच लागत नाही. इमारतीस निरुपयोगी असा चढउताराचा तुकडा या खेळाला उलट अधिक मानवतो.

झाडांचा व जीवांचा प्रश्न

ताळेबंदात एक नोंद अशी आहे की जी डॉलरमध्ये मांडता येत नाही. फेकण्याच्या जागेजवळची झाडे नीट पाहिली तर त्यांच्या सालीवर वार दिसतात. वर्षानुवर्षे त्याच उंचीवर चकत्या आदळून साल फाटलेली असते. हजारो पावलांनी मुळांवरची माती घट्ट होते, उतारावरची माती पावसात वाहून जाते. याच भागातील ओकवर १९९० च्या दशकापासून एक घातक रोगही पसरला आहे, आणि त्याचे बीज ओल्या चिखलातून, बुटांच्या तळव्यांबरोबरही दुसरीकडे जाऊ शकते. वनस्पतीतही जीव मानणाऱ्या आपण मंडळींनी ही बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही.

यावर तेथे उपाय केलेलेही आम्ही पाहिले. वाटांवर लाकडाच्या ढलप्यांचा थर अंथरला होता, तो माती धरून ठेवतो व मुळांवरचा भार कमी करतो. स्थानिक खेळाडूंचे मंडळ स्वयंस्फूर्तीने श्रमदान करते. अन्यत्र टोपल्यांच्या जागा अधूनमधून बदलून जुन्या वाटेला विश्रांती देण्याची, झाडांच्या बुंध्यांना आवरण घालण्याची पद्धतही आहे. आमच्यापुरते आम्ही दोन नियम केले. वाट सोडून झाडोऱ्यात पाय घालावयाचा नाही, चकती खोल गेली तर ती गेली असे समजून दंडाची फेक लावावयाची. आणि मोटारीत बसण्यापूर्वी बुटांचे तळवे ब्रशने साफ करावयाचे.

जूनच्या त्या सकाळी रेडवूडच्या ओलसर सावलीत वाटेवर एक पिवळाधमक, वीतभर लांबीचा गोगलगाईसारखा बिनशंखाचा जीव संथपणे सरकत होता. केळ्यासारखा दिसतो म्हणून त्याला केळ्याचेच नाव मिळाले आहे, आणि येथील विद्यापीठाने त्यालाच आपले बोधचिन्ह केले आहे. नातीने दोन्ही हात पसरून आम्हा सर्वांना अडविले. मागून येणारे तरुण खेळाडूही थांबले. तो जीव वाट ओलांडून पालापाचोळ्यात शिरेपर्यंत पाच-सात मिनिटे आमचा खेळ बंद होता आणि कोणीही कुरकुर केली नाही. पाठशाळेत ईर्यासमितीचा अर्थ तिला कोणी कितपत समजावून दिला होता हे मला ठाऊक नाही. त्या वाटेवर तिने तो आचरून दाखविला. हा खेळ खाली पाहत चालावयाचा आहे, हे त्या दिवशी माझ्या लक्षात राहिले.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी

उन्हाळ्यात, विशेषतः ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, शक्यतो सकाळी जावे. शनिवार-रविवारी दुपारनंतर अशा सार्वजनिक मैदानांवर गर्दी वाढते आणि काहींच्या हाती बिअरचे डबेही दिसतात. कुटुंबासह जाणाऱ्यांना सकाळच बरी. हिवाळ्यातील पावसात उतार निसरडे होतात, सूक्ष्म जीवही अधिक असतात. तो काळ टाळावा.

पाच-सहा जणांच्या कुटुंबास पूर्ण फेरीला चार तास लागतात. जून महिन्यात तेथे सूर्यास्त रात्री साडेआठच्या सुमारास होतो, त्यामुळे चौविहार पाळणाऱ्यांची अडचण होत नाही. उकळून गार केलेले पाणी बरोबर घ्यावे. खाकरे, मेथीचे ठेपले व मूठभर चुरमुरे एवढी शिदोरी पुरते. उरलेसुरले व कागद परत आणावेत.

सर्वांत महत्त्वाची सूचना एका झुडपाविषयी. तेथे विषारी ओक म्हणून एक वनस्पती वाटेच्या कडेला व झाडांवर चढलेली आढळते. एका देठावर तीन पाने, चकाकणारी, उन्हाळ्याच्या अखेरीस तांबूस होणारी. ही ओकच्या जातीची नसून आपल्याकडील बिब्ब्याच्या कुळातील आहे. बिब्बा उतला म्हणजे काय होते हे आपल्या घरांतून सर्वांना माहीत आहे. हिच्या तेलाने तसेच पुरळ व दाह होतो. ते तेल चकतीला, कपड्यांनाही चिकटते. म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत आणि घरी येताच हातपाय व चकत्या साबणाने गार पाण्यात धुवाव्यात.

आपल्याकडे हे होईल काय?

परतीच्या प्रवासापासून एक विचार मनात घोळत आहे. आपल्या संस्थांच्या, वसतिगृहांच्या, शाळांच्या आवारात अनेक ठिकाणी टेकडीचा एखादा उतार तसाच पडून आहे. क्रिकेटला तो चालत नाही, बांधकामास परवडत नाही. तेथे देशी झाडे लावून, त्यांना पाच-सात वर्षे वाढू देऊन, मग त्यांच्यामधून नऊ टोपल्यांची वाट आखता येईल. लोखंडी खांब व साखळ्या आपल्याकडचा कोणताही कुशल लोहार बनवू शकेल. चातुर्मासात ते बंद ठेवावे. मातीला व जीवांना विश्रांती मिळेल. उरलेले आठ महिने वसतिगृहातील मुले, त्यांना भेटावयास आलेले पालक आणि गावातील आजी-आजोबा एकाच वाटेने चालू शकतील. प्रारंभीचा खर्च एखाद्या स्वामीवात्सल्याच्या खर्चाहून अधिक होईल असे मला वाटत नाही.

ज्या कुटुंबांजवळ गावाबाहेर असा एखादा तुकडा आहे आणि मुले दूरदेशी आहेत, त्यांनी या सूचनेचा विचार करावा. जमीन आपल्या नावे राहिली काय किंवा संस्थेच्या नावे झाली काय, शंभर वर्षांनी तिच्यावर कोण चालेल हे आपल्या हाती नाही. ती मोकळी व सावलीची राहील एवढी व्यवस्था मात्र आज करता येते. सांताक्रूझच्या त्या टेकडीवर माझा नातू आता चिरंजीवांबरोबर महिन्यातून एकदा जातो, आणि घरी येताच दूरध्वनीवर आपल्या फेकींचा आकडा मराठीतून सांगतो. मागील आठवड्यात तो एकशे नऊवर आला आहे.

जय जिनेंद्र.